मोटारींशिवाय ३६ किलोमीटर: स्पेनच्या ‘व्हिया वेर्दे दे ला सिएरा’वर पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्यांसाठी

दक्षिण स्पेनमध्ये, आंदालुसियाच्या डोंगराळ भागात, पुएर्तो सेरानो आणि ओल्बेरा या दोन गावांना जोडणारी सुमारे ३६ किलोमीटरची वाट आहे. १९२०च्या दशकात हेरेस ते आल्मार्गेन असा लोहमार्ग बांधायला घेतला होता. बोगदे खोदून झाले, पूल उभे राहिले, स्टेशनांच्या इमारतीही झाल्या, पण काम अर्धवट थांबलं आणि या मार्गावर गाडी कधी धावलीच नाही. आज त्याच मार्गावरून सायकली जातात. स्पेनमध्ये १९९३ पासून असे बंद पडलेले लोहमार्ग सायकल आणि पायी चालण्यासाठी खुले केले जात आहेत. त्यांना ‘व्हिया वेर्दे’, म्हणजे हरितमार्ग म्हणतात. (कानावर मात्र ‘बिया बेर्दे’ पडेल. स्पॅनिशमध्ये ‘व्ह’चा उच्चार ‘ब’च्या जवळ जातो. रस्ता विचारताना तसंच म्हणा, लगेच समजतं.)

वाटेत ३० बोगदे, ४ उंच पूल आणि साफ्रामागोनचा कडा लागतो. हा कडा संरक्षित निसर्गक्षेत्र आहे, कारण तिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे. चढ सौम्य आहे आणि शेतकऱ्यांची किंवा परवानगीची एखादी गाडी सोडली तर वाहन दिसत नाही. त्यामुळे बरेच जण ‘बागेतला फेरफटका’ समजून निघतात आणि तीन ठिकाणी हमखास अडकतात: परतीची सोय, बोगद्यातला अंधार आणि पाणी. पुढचं वाचताना या तिन्हींकडे जास्त लक्ष द्या.

१. आधी परतीचं ठरवा, मग बाकीचं

वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, गोल फिरून परत येत नाही. पुएर्तो सेरानोहून ओल्बेराला पोहोचलात की मुक्कामाचं सामान ३६ किलोमीटर मागे राहतं. तीन पर्याय आहेत.

जाऊन-येऊन एका दिवसात: एकूण ७२ किलोमीटर. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे जमतं. यासाठी सुरुवात पुएर्तो सेरानोहून करा. नदीचं पाणी पुएर्तो सेरानोच्या दिशेने वाहतं, म्हणजे पुएर्तो सेरानो खाली आणि ओल्बेरा वर. सकाळी ताज्या पायांनी हलका चढ होतो आणि दुपारी थकल्यावर उतार मिळतो.

एकाच दिशेने: मग ओल्बेराहून निघा, बहुतेक वाट उताराची आहे. सायकल भाड्याने देणारे काही जण दुसऱ्या टोकाहून व्हॅनने परत आणतात. ही सोय निघण्याआधी, वेळेसकट पक्की करा. टोकाला पोहोचल्यावर फोन केला तर त्या दिवशी व्हॅन मिळेलच असं नाही, आणि सायकलसह जाणारी टॅक्सी छोट्या गावात लगेच सापडत नाही.

दोन दिवसांत: नवख्यांनी हाच पर्याय घ्यावा. काही जुन्या स्टेशनांच्या इमारतींमध्ये राहायची आणि जेवायची सोय आहे. एका टोकाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निवांत परत या. तीच वाट उलट दिशेने आणि वेगळ्या उन्हात पाहताना निराळी दिसते, कंटाळा येत नाही.

वेगाचा हिशेब असा: सपाट वाटेवर ताशी १२ ते १५ किलोमीटर. पण बोगदे, फोटो, गिधाडं आणि जेवण धरलं तर एका दिशेला साडेतीन ते चार तास लागतात.

२. महिना निवडा

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात पारा सहज ३५ अंशांच्या वर जातो. ज्यांनी विदर्भातला मे पाहिला आहे त्यांना आकडा मोठा वाटणार नाही, पण इथे टपरी नाही, रसवंती नाही, दोन स्टेशनांच्या मध्ये सावली फक्त बोगद्यात. उन्हाळ्यातच जायचं असेल तर पहाटे उजाडताच निघा आणि बारापर्यंत सायकल ठेवून द्या.

जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा. काही टप्प्यांवर मातीचा चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये घट्ट बसतो आणि चाक फिरेनासं होतं. दरड पडल्यामुळे एखादा टप्पा तात्पुरता बंद असू शकतो. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

शनिवार-रविवारी लहान मुलांसह कुटुंबं मोठ्या संख्येने येतात. गिधाडं शांतपणे पाहायची असतील तर मंगळवार ते शुक्रवार जा. सोमवारी छोट्या गावांतली बरीच हॉटेलं बंद असतात.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. एकाहून जास्त देश फिरणार असाल तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळी सुट्टीसाठी मात्र भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, तेव्हा दोन-तीन महिने आधी हालचाल करा.

– पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, २ कोरी पानं
– प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण
– विमानाचं आणि मुक्कामाचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, नोकरी किंवा व्यवसायाची कागदपत्रं, फोटो
– दिवसवार कार्यक्रम. सायकलचे दिवस त्यात स्पष्ट लिहा, कुठून कुठे आणि मुक्काम कुठे

इथे एक खाच आहे. व्हिसापुरता विमा घेताना अटी कोणी वाचत नाही, आणि काही पॉलिसी ‘साहसी खेळ’ म्हणून सायकलिंग वगळतात. पॉलिसीत सायकलिंग चालतं हे लेखी पाहून घ्या. युरोपात राहणाऱ्यांनी आपलं युरोपीय आरोग्य कार्ड जवळ ठेवावं.

स्पेनमध्ये प्रत्येक मुक्कामाला पासपोर्टची नोंद होते. मूळ पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये.

४. तिथवर पोहोचणं

सेव्हिया, हेरेस किंवा मालागाला विमानाने उतरता येतं. वाटेच्या दोन्ही टोकांना रेल्वे नाही. हेरेस आणि रोंदा इथपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस किंवा टॅक्सी. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, रविवारी आणि सणाच्या दिवशी आणखी कमी. बसच्या डिकीत सायकल घेणं अनेकदा चालकावर आणि डिकीतल्या जागेवर अवलंबून असतं.

म्हणून सायकल भारतातून नेण्याचा खटाटोप करू नका, भाड्यानेच घ्या. दोन्ही टोकांच्या स्टेशनांजवळ सायकली मिळतात, फक्त आधी कळवावं लागतं. ई-सायकल तर विमानात नेताच येत नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही, आणि ई-सायकलची बॅटरी साधारण ४०० ते ६०० वॉट-तासांची असते.

५. भाड्याची सायकल ताब्यात घेताना

बुकिंग करताना उंची सेंटिमीटरमध्ये सांगा. ‘मीडियम’ म्हटलं तर स्पॅनिश मापाची मीडियम येईल. वाट कुठे डांबरी, कुठे दाबलेल्या मातीची, कुठे खडीची आहे. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली हायब्रिड, ग्रॅव्हल किंवा साधी माउंटन बाइक चालेल. बारीक टायरची रेसिंग सायकल घेऊ नका.

दुकानातून निघण्याआधी दहा मिनिटं काढून हे तपासा:

ब्रेक. युरोपात सहसा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. तुमच्या घरच्या सायकलला उजवीकडे असेल, तर घाबरून दाबताना चुकीचं चाक जाम होईल. सायकल उभी करून एकेक ब्रेक दाबा, कुठला कुठे आहे ते हाताला कळू द्या, आणि पहिले ५०० मीटर हळू चालवून सवय करा.

सीट. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्याला थोडा बाक राहतो. सीट खाली ठेवून ३६ किलोमीटर गेलात तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात.

हवा. तिथले पंप बहुतेक ‘बार’मध्ये आकडा दाखवतात, १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. ७० किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३ बारच्या आसपास हवा पुरते. जास्त भरली तर खडीवर हात बधिर होतात.

घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागचा रिफ्लेक्टर, कुलूप. हे सगळं आहे आणि चालतं आहे याची खात्री करा. दिवे पेटवून बघा, नुसते लावलेले आहेत म्हणून विश्वास ठेवू नका.

हेल्मेट. स्पेनमध्ये गावाबाहेर सायकल चालवताना हेल्मेट कायद्याने घालावं लागतं, १६ वर्षांखालच्या मुलांना सर्वत्र. दारू पिऊन सायकल चालवल्यास दंड होतो, तेव्हा जेवणासोबतची वाइन मुक्कामाला पोहोचल्यावर घ्या.

६. सोबत काय घ्यायचं

– पाणी: माणशी किमान २ लिटर, उन्हाळ्यात ३
– ट्यूब: २, सायकलच्या टायरच्याच मापाच्या. वॉल्व्ह बारीक (प्रेस्टा) आहे की जाड (मोटारीसारखा) ते बघूनच
– पंक्चरचे पॅच, टायर काढायच्या पट्ट्या २, छोटा पंप. पंपाचं तोंड त्या वॉल्व्हला बसतं का, ते दुकानातच लावून बघा
– ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की असलेलं मल्टिटूल
– प्लास्टिकचे झिप टाय ५-६
– स्वतःचा, हँडलला बसणारा पुढचा दिवा: किमान ३०० ल्युमेन, पूर्ण चार्ज केलेला
– पातळ जॅकेट, उन्हाळ्यातही
– ओआरएसची पाकिटं ४, सनस्क्रीन, चिंधी
– सुटे युरो. लहान बारमध्ये कार्डाचं यंत्र बंद असणं नवीन नाही
– दुर्बीण: ८×४२ असेल तर उत्तम

सराट्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे माळावर चप्पल भेदून पायात घुसतो तोच सराटा, तोच गोखरू, तिथेही उगवतो. ‘आब्रोखो’ म्हणतात त्याला. उन्हाळ्याच्या शेवटी सुकलेले काटे वाटेच्या कडेला पडतात. म्हणून थांबताना सायकल गवतात आडवी टाकू नका, मधल्या कडक पट्ट्यावरच उभी करा.

टायरमध्ये सराटा दिसला तर उपटायची घाई करू नका. कधी कधी काटाच भोक बुजवून धरतो. सावलीत थांबा, नवी ट्यूब आणि पंप काढून ठेवा, मगच काटा काढा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतल्या बाजूने चिंधी फिरवा, उघडं बोट नको. एका टायरमध्ये तीन-तीन टोकं मोडून राहिलेली असतात, आणि त्यातलं एक चुकलं तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

७. बोगदे

तीस बोगद्यांपैकी काही इतके छोटे की दुसरं तोंड समोर दिसतं. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. लांब बोगद्यांत दिव्यांची सोय केलेली आहे, पण तिच्यावर विसंबून जाऊ नका. दिवा लागला नाही तर आत शिरल्यावर काही सेकंदांत स्वतःचा हात दिसत नाही. वळणदार बोगद्यात पुढचा उजेडही मिळत नाही.

बोगद्याच्या तोंडाशी, बाहेरच, थांबा. गॉगल काढा. गॉगल घालून आत शिरणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे. पुढचा-मागचा दिवा लावा, जॅकेट घाला, मुलांना मध्ये घ्या: एक मोठा पुढे, एक मागे. मग उजवीकडून, पळणाऱ्या माणसाच्या वेगाने चला. भर उन्हातून आल्यावर डोळे अंधाराला लगेच सरावत नाहीत आणि नेमक्या पहिल्या पन्नास मीटरमध्ये समोरून कोणी पायी येत असतं. चालणाऱ्याला नेहमी आधी वाट द्यायची. घंटी आधी वाजवा, जवळ गेल्यावर नव्हे.

आत जमीन ओली असू शकते, छतातून पाणी ठिबकतं. वळणावर जोराने ब्रेक दाबू नका. फोटोसाठी किंवा चेन बसवण्यासाठी आत थांबू नका. थांबावंच लागलं तर भिंतीला चिकटून, दिवे चालू ठेवून. फोनचा टॉर्च हातात धरून सायकल चालवणं म्हणजे एका हाताने ब्रेक सांभाळणं. म्हणूनच वरच्या यादीत हँडलला बसणारा दिवा आहे.

८. साफ्रामागोनचा कडा

वाटेवरचं कोरिपे स्टेशन आणि ओल्बेरा यांच्या दरम्यान चुनखडीचा हा उभा कडा समोर येतो. एका बाजूला सेव्हिया प्रांत, दुसऱ्या बाजूला कादिस. पायथ्याच्या घळीतून ग्वादालपोर्कुन नदी वाहते. कड्याच्या कपारींत ग्रिफॉन गिधाडं घरटी करतात. पंख पसरले की अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे एका सायकलच्या लांबीच्या जवळजवळ दीडपट विस्तार होतो.

पहाटे गेलात तर ती कपारीत मान आत घेऊन बसलेली दिसतील आणि ‘काहीच नाही’ असं वाटेल. दहा-अकरानंतर, दगड तापून गरम हवा वर चढू लागली की एकेक उतरतं, दोन घिरट्या घेतं आणि पंख न हलवता वर जातं. कडेला सायकल उभी करा आणि वीस मिनिटं बोलू नका. मान आणि डोकं फिकट पांढुरकं, अंग मातकट, पंखांची टोकं बोटांसारखी सुटी. कधी कधी सावली आधी वाटेवरून सरकत जाते आणि पक्षी मागून दिसतो.

वाट सोडून कड्याकडे चढायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही, टाळ्या वाजवून पक्षी उठवायचे नाहीत. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत विणीचा काळ असतो आणि एका घरट्यात एकच अंडं. घाबरून पालक उठले तर अंडं उघडं पडतं. आपल्याकडे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं कशी झपाट्याने नाहीशी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी का आली, हे माहीत असलेल्या माणसाला इथे एका नजरेत डझनभर गिधाडं दिसणं किती मोठं आहे हे वेगळं सांगायला नको. या पक्ष्यासाठी आवाज खाली ठेवा.

जुन्या साफ्रामागोन स्टेशनात गिधाडांविषयी माहिती केंद्र आहे आणि तिथे कॅमेऱ्यावरून घरट्यांचं चित्र दाखवतात. ते रोज उघडं नसतं. त्याच्या वेळेवरून दिवस ठरवा.

वाटेच्या आसपास ‘कोतो प्रिवादो दे कासा’ अशा पाट्या दिसतील. ते खासगी शिकारीचं रान आहे. शिकारीच्या हंगामात, म्हणजे शरद ते हिवाळा, त्या बाजूला आडवाट अजिबात घेऊ नका.

९. खाणं-पाणी

नळाचं पाणी पिता येतं. झऱ्यावर किंवा कारंजावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. प्रत्येक उघड्या स्टेशनवर बाटली भरून घ्या, अर्धी असली तरी.

जेवणाची वेळ दुपारी दोन ते चार, रात्री साडेआठ-नऊनंतर. संध्याकाळी सहाला भूक लागली तर स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून खिशात काहीतरी असू द्या. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत: पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच राहू द्या. शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर चालतात.

शाकाहारी लोकांसाठी: ‘सँडविच वेखेताल’ नाव वाचून मागवू नका, त्यात बहुधा टूना मासा आणि अंडं असतं. थंड सूपवर हॅमचे तुकडे भुरभुरतात. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ असं तिन्ही सांगा, कारण हॅमला तिथे अनेक जण ‘मांस’ धरत नाहीत. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, ‘तोस्तादा कोन तोमाते’, हा सकाळचा भरवशाचा नाश्ता. या भागात ऑलिव्हच्या बागाच बागा असल्यामुळे तेल छान असतं, कंजूषी करू नका.

१०. अडचण आली तर

आपत्कालीन क्रमांक ११२, फोनमध्ये सिम नसलं तरी लागतो. घळीत नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आदल्या रात्री ऑफलाइन उतरवून घ्या. कॉल करताना शेवटचं कोणतं स्टेशन मागे टाकलं, कोणत्या दिशेने जात होतात आणि त्यानंतर किती बोगदे ओलांडले, एवढं सांगा. यासाठी प्रत्येक स्टेशनवरून निघताना वेळ लिहून ठेवा.

काही शब्द पाठ करा: ‘पिंचासो’ म्हणजे पंक्चर, ‘कामारा’ म्हणजे ट्यूब, ‘बोंबा’ म्हणजे पंप, ‘आगुआ’ म्हणजे पाणी, ‘आयुदा’ म्हणजे मदत. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो.

सायकल परत करण्याची वेळ स्पॅनिश दुपारच्या सुट्टीत येत नाही ना, हे सकाळीच विचारा. दोन ते पाच दुकान बंद असलं तर तुम्ही पोहोचाल आणि दाराला कुलूप असेल. ओल्बेराला शेवट करणार असाल तर आणखी एक गोष्ट: स्टेशन गावाबाहेर खाली आहे आणि गाव टेकडीवर, किल्ला आणि चर्च माथ्याला. हरितमार्गाचा सौम्य चढ तिथे संपतो. शेवटचा चढ खरा चढ आहे, तेव्हा सर्वांत हलका गिअर आधीच टाका, नाहीतर सरळ उतरून ढकलत न्या.